गालासाठी सागाचा तुकडा

तंबाखू-सुपारीचा खर्रा मी तीस वर्षं खाल्ला आणि नेहमी उजव्या गालात धरला. त्यामुळे ऑपरेशन झालं तेही उजव्याच बाजूचं. दोष कुणाचा हे शोधत मी बसलो नाही; तोंड माझं होतं आणि पुडीही मीच आणत होतो. डॉक्टरांनी जबड्याचा तुकडा काढला, मांडीची कातडी लावली. अकोल्याला घरी परतलो तेव्हा गालाच्या जागी एक खळगा होता. दुखत नव्हता. त्याला काहीच कळत नव्हतं.

बाकी सगळं मी निभावलं. पातळ खिचडीवर दिवस काढले, बोलायला नव्याने शिकलो, लोकांनी टक लावून पाहिलं तर मीही टक लावून पाहिलं. अडलं ते रायफलपाशी. मी जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवणारा माणूस, पण गेली कितीतरी वर्षं रविवारी घरामागे छऱ्याची रायफल घेऊन दहा मीटरवरच्या कागदासमोर उभा राहत आलो. हिवाळ्यात अमरावतीला आमच्या वयाच्या लोकांची स्पर्धा होते. तिथं निकालाच्या कागदावर माझं नाव वरच्या अर्ध्यात नसेल तर लोक चौकशी करतात, तब्येत बरी आहे ना म्हणून.

रायफल धरताना गाल लाकडी दस्त्यावर टेकतो, तेव्हा कुठे डोळा नेम धरायच्या मागच्या भोकासमोर येतो आणि नळीच्या टोकावरची खूण, म्हणजे माशी, दिसते. माझा गाल टेकेपर्यंत डोळा भोकाच्या खाली गेलेला असायचा. मी घरात जाहीर केलं, यंदा अमरावतीला उभा राहीन, नाहीतर रायफल विकून टाकीन. बायको म्हणाली, "इका. ठकठक तरी थांबन घरातली." तिने ते हसून म्हटलं, मला मात्र हसू आलं नाही. रायफल गेली की मी दारामागून रस्ता पाहणारा, तोंड लपवणारा म्हातारा होणार, याची मला खरोखर भीती वाटत होती.

दस्त्यावर उंचवटा बांधायचा एवढंच काम होतं. बाजारात तयार मिळतात, पण ते साबूत गालांसाठी असतात. म्हटलं, घरीच करू. आता वऱ्हाडातला कापूसवाला गादी करायला बसला तर तिच्यात काय भरणार? लांब धाग्याचा, डाग नसलेला, हातात घेतला की सुख वाटावं असा कापूस मी निवडला. जुन्या जीनच्या पँटची खोळ शिवून घेतली आणि दस्त्यावर घट्ट बांधली. पहिले पाच छर्रे सुरेख लागले. विसाव्या छऱ्यापर्यंत कापूस बसला, डोळा खाली उतरला आणि छर्रे कागदभर पांगले. मी आणखी कापूस ठासला. पुन्हा तेच. असं तीन रविवार चाललं, कारण कापसात माझी चूक होऊ शकते हे मला मान्य नव्हतं.

"गादी वर्सातून एकदा पिंजा लागते," बायको म्हणाली, "हे तुमाले मी सांगू काय?"

मग लाकूडच करायचं ठरलं. पातूरजवळ एक म्हातारे मिस्त्री आहेत. पूर्वी ते बैलांची जुवं करायचे. ट्रॅक्टर आल्यापासून दारं-चौकटी करतात. तरी एखाद्या बैलाचा खांदा सोलला तर जू बसवून घ्यायला लोक अजून त्यांच्याकडेच जातात. मी स्कूटर काढली. बायको रायफलची पेटी मांडीवर घेऊन मागे बसली, मी नको म्हणत असताना.

मिस्त्रींनी रायफल पाहिली, मग मला पाहिलं आणि सरळ गालाकडे हात आणला. मी मान मागे घेतली.

"दुरून पाहा, मिस्त्री."

"दुरून पाहून जू होत नसते, भाऊ," ते म्हणाले. "सुन्न जागेवर भार देला तं बैलाले समजत नाई. जखम होऊन जाते, तरी तो वढत राह्यते. जिथं कळते तिथंच लाकूड टेकवा लागते. तुमाले कुठंवर कळते?"

मला ते माहीत नव्हतं. ऑपरेशननंतरच्या नऊ महिन्यांत मी त्या गालाला हात लावला नव्हता. बायकोलाही लावू दिला नव्हता. सुरुवातीला एकदा तिचा हात आला, मी तोंड फिरवलं, आणि पुन्हा तिने आणला नाही. आमच्यात त्यावर कधी बोलणं झालं नाही.

मिस्त्रींनी लाकडावर खुणा करायची गेरूची वाटी उचलली आणि तिच्यासमोर ठेवली. "बाई, तुमीच पाहा. माहे बोटं लई खरबरीत हायेत."

मी डोळे मिटून बसलो. जरा वेळाने ती म्हणाली, "इथं कळते?"

"आधी हात तं लाव," मी म्हणालो.

"कवाचा लावेल हाये."

तिने बोट वर सरकवलं असावं, कारण ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली आणि मी नाही म्हणत राहिलो. मग गालाच्या हाडाखाली ओला गार गेरू लागला आणि मी ओरडलोच, "कळते!" कानापासून नाकापर्यंत तिने तशी एक लाल रेघ ओढली. माझी मान थरथरत होती.

"हालू नका," ती म्हणाली. "तुमच्यापरीस बैल बरा."

मिस्त्री खो खो हसले आणि कामाला लागले. रेघेवर गेरू, गाल सागाच्या तुकड्यावर, लाल डाग पडेल तिथे रंधा. रेघेखालचं लाकूड त्यांनी वाटीसारखं कोरून काढलं, म्हणजे सुन्न भागाला काही टेकणारच नाही. भार घ्यायचा तो वरच्या हाडाने. दर वेळी गेरू बायकोने लावला. किती वेळा ते मी मोजलं नाही, पण सावली अंगणभर फिरली. शेवटी तुकडा चामड्याच्या पट्ट्यांनी दस्त्यावर आवळला. मी डोळे मिटून गाल टेकवला आणि डोळे उघडले. माशी भोकाच्या मधोमध उभी होती.

अमरावतीला मी उभा राहिलो. जुन्या मित्रांनी माझ्याकडे पाहिलं, मग लाकडाकडे पाहिलं, आणि दोघांनी मिस्त्रींचा पत्ता मागितला. निकालात मी खालच्या अर्ध्यात आलो, पण त्या अर्ध्यात पहिला. घरी येऊन हे मी बायकोला अशा थाटात सांगितलं की तिला वाटलं पदकच आणलं.

चहा ओतता ओतता ती थांबली. लाकडात मुरलेला गेरू घामाने सुटून माझ्या तोंडाला लागला होता. तिने पदराचं टोक ओलं करून तो पुसायला घेतला. वरचा डाग पुसला तेव्हा पदर गार लागला. मग तिचं मनगट खाली, जबड्याकडे गेलेलं मला दिसलं, नुसतं दिसलं.

"इथं कळते?" तिने विचारलं.

"नाई," मी म्हणालो. "पण राहू दे."