प्रोसेसरची घंटी

लातूरच्या आमच्या कोचिंग क्लासमध्ये दर रविवारी सकाळी ऑनलाइन सराव परीक्षा असते. दोनदा ती मध्येच बंद पडली होती. आता पडली तर सर्व्हर पुण्याच्या कंपनीकडे द्यायचा, असं सरांनी तोंडावर सांगितलं. म्हणजे नांदेडहून आलेले भाई आणि मी, एवढाच आमचा संगणक विभाग, तो गुंडाळला जाणार.

म्हणून आम्ही देखरेखीचं सॉफ्टवेअर बसवलं. प्रोसेसरवर ताण आला की फोनवर घंटी. सरांचा हुकूम होता, पन्नास टक्क्यांनाच कळलं पाहिजे. घंटीनं नुसता उच्छाद मांडला. बॅकअप सुरू झाला, वाजली. मुलं एकदम लॉगिन झाली, वाजली. भाईंनी फोन सायलेंट करून टाकला.

"लई वाजून राहिलंय हे. अशानं खरं संकट आलं तरी कळायचं न्हाई, ताई."

पटलं, म्हणून राग आला. भाईंचं पटलं की मला राग येतोच. सरांना न विचारता मी मर्यादा बदलली: नव्वदच्या वर, आणि तेही सलग पाच मिनिटं राहिलं तरच कळव.

रविवारी पेपर सुरू झाला. स्क्रीनवरचा प्रोसेसरचा आलेख उसळला, खाली आला, फोन गप्प. मी खुर्चीत नाचायचीच बाकी होते. अर्धा पेपर झाला आणि घंटी वाजली. प्रोसेसर कोण खातंय ते भाईंनी पाहिलं, तर गुणवत्ता यादी. रविवारी चाकूर, नायगावहून पालक डबे घेऊन येतात आणि पोराला भेटायच्या आधी त्यांना मागच्या परीक्षेतला त्याचा नंबर हवा असतो. काउंटरवर गर्दी झाली म्हणून ऑफिसातल्या मॅडमनी आमच्याच सर्व्हरवर सगळ्या तुकड्यांची यादी काढायला घेतली होती.

"मी बंद करतो, तुम्ही खाली पळा," भाई म्हणाले. "न्हाईतर त्या परत चालू करतेत."

पळाले. मॅडम दुसऱ्यांदा बटण दाबायच्या बेतात होत्या. मी माउसच उचलून घेतला. वर आले तेव्हा आलेख उतरला होता आणि मुलं खाली मान घालून उत्तरं देत होती.

पेपर सुटला. मुलांनी सरांना घेरलं. फिजिक्स लई अवघड काढलं, वेळ पुरला न्हाई, दोन प्रश्न सिलॅबसबाहेरचे होते. भाईंनी आणि मी दारात उभं राहून सगळं ऐकलं, शेवटच्या तक्रारीपर्यंत. सर्व्हरबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. इतका आनंद मला कुणाच्या शाबासकीनंसुद्धा झाला नसता.