चितेत गेलेली चावी

आमच्या लाईनीतल्या सगळ्या दुकानांना लिंबू-मिरची टांगलेली दिसेल, माझ्या दुकानाला नाही. भूत, आत्मा, करणी... कुणी सुरू केलं की मी सरळ म्हणतो, "बाबा, वायर दाखव. वायर असेल तर बोलू!" नांदेडला माझं दुकान आहे. महागड्या गाड्यांच्या रिमोट चाव्या बनवायच्या, स्टार्टिंगचे प्रॉब्लेम काढायचे — हेच रोजचं काम. आणि तोच मी हे लिहून राहिलोय, याचं माझं मलाच नवल वाटतं.

मागच्या हिवाळ्यात लातूरहून मिलिंद नावाच्या पोराचा फोन आला. जर्मन गाडी, एकही चावी नाही. "हरवली कुठं?" विचारलं. तो म्हणाला, "दादा, पप्पांसंगं गेली."

मला आधी कळलंच नाही. त्याचे वडील पाटबंधारे खात्यातले रिटायर इंजिनिअर, सगळे त्यांना साहेबच म्हणायचे. ते वारले तेव्हा घरच्यांनी त्यांचा आवडता निळा कोट अंगावर घालून त्यांना निरोप दिला. कोटाच्या आतल्या खिशात चावी होती, हे रडारडीत कुणाच्या ध्यानात आलं नाही. अस्थी गोळा करताना राखेत चावीचं काळं पडलेलं पातं सापडलं, तेव्हा उलगडा झाला. दुसरी चावी साहेबांनीच पूर्वी प्रवासात हरवली होती.

लातूरला पोचलो तर गेटपुढं टोचनवाला उभा! मिलिंदला गाडी ओढत कंपनीच्या वर्कशॉपला न्यायची होती, आणि काकू — त्याची आई — गेटात आडव्या उभ्या.

"साहेबांनी शेवटपर्यंत कुणाचा आधार घेतला न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यांची गाडी दोरी बांधून ओढत न्यायची? माझ्या डोळ्यांदेखत? जमायचं न्हाई. दारातून निघंल तर आपल्या पायानं निघंल."

मिलिंदनं मला बाजूला घेतलं. "दादा, मम्मी धड जेवून नाही राहिली. रडली पण नाही. दिवसभर खिडकीतून गाडीच बघती. तुमच्यानं नाही झालं तर आज ओढूनच न्यावी लागंल, आन् ते तिला सहन होणार नाही."

आता आली का पंचाईत!

पात्यावरच्या खाचा शाबूत होत्या. त्या बघून नवीन पातं कापलं, दार उघडलं. बॅटरी पार उतरलेली, माझी जोडली. लॅपटॉप लावला. गाडीच्या मेमरीत दोन चाव्या होत्या — एक नंबर साहेबांची, दोन नंबर हरवलेली. खाली अक्षरं: गाडीत चावी नाही. खरी अडचण पुढंच होती. नवीन चावी गाडीला ओळखवायला पासवर्ड लागतो, आणि या मॉडेलचा पासवर्ड जुनी चावी जवळ असल्याशिवाय निघत नाही. दुपारपर्यंत सगळी डोकेफोड केली. शेवटी हात टेकले आणि बाहेर येऊन सांगितलं, "काकू, माफ करा. माझ्याच्यानं होईना."

वायरी आवरायला मी ड्रायव्हरच्या दाराशी उकिडवा बसलो, तोवर काकू गेटातून हलल्या. गाडीपाशी आल्या, डावीकडच्या सीटवर बसल्या. पदर सारखा केला, बेल्ट लावला. आणि रोजच्यासारखं सहज म्हणाल्या, "चला हो, उशीर व्हायलाय."

खट्ट!

अख्खा डॅशबोर्ड उजळला. ड्रायव्हरची रिकामी सीट हळूहळू मागं सरकायला लागली... पार शेवटपर्यंत. स्टिअरिंग वर उचललं गेलं. बाहेरचे आरसे वळले. अशा गाड्या चावी ओळखतात आणि ती ज्याची असेल त्याच्या मापानं सीट लावतात. मिलिंद पुटपुटला, "पप्पा लई उंच होते..."

मी स्क्रीनकडं बघितलं. गाडीत चावी: एक नंबर.

अंगावर सर्रकन काटा आला. पण देवाशप्पथ सांगतो, भीती नाही वाटली. घरात मोठं माणूस आलं की आपण आपोआप उठतो ना... तसा मी उठून उभा राहिलो होतो.

मग पासवर्ड भराभर निघाला. दोन नवीन चाव्या तयार झाल्या. त्या सीटवर बसायची माझी हिंमत झाली नाही. बाहेरूनच वाकून, हातानं ब्रेक दाबून बटण दाबलं. इंजिन चालू झालं, आणि काकूंनी तोंडाला पदर लावून हंबरडा फोडला. इतके दिवस कोंडलेलं सगळं बाहेर आलं. मिलिंद पण रडला. टोचनवाल्यानं न सांगता आपली गाडी बाजूला घेतली.

नंतर मी आणि मिलिंदनं मॅटिंग, सीट, डिकी सगळं उलथंपालथं केलं. कुठंच चावी नाही. धंद्यातले दोस्त म्हणतात, व्होल्टेजचा झोल असेल. अरे, व्होल्टेजनं दिवे लागतील, हाव... पण साहेबांच्या चावीचा कोड त्याला कुणी सांगितला? यावर सगळे चहा पितात.

आमच्या कामात हरवलेली चावी गाडीतून बंद करूनच निघायचं असतं, म्हणजे चोराच्या हाती लागली तरी फिकीर नाही. दोन नंबर बंद केली. एक नंबरवर आलो आणि हात थांबला. काकूंना विचारलं.

"ती कोण चोरणार, भाऊ?" त्या म्हणाल्या. "राहू द्या चालू."

आजही त्या गाडीच्या मेमरीत तीन चाव्या चालू आहेत. दोन मी बनवलेल्या, काकूंच्या घरात. तिसरी कुठं आहे, ते मला सांगता येत नाही.