आक्काचे धवळे आणि आइसलँड

कंडक्टरमामांना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. सगळा जन्म एसटीत उभ्यानं तिकिटं फाडण्यात गेला, आणि निवृत्त झाल्यावरही ती सवय सुटली नाही. शहापूरला माझ्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये यायचे, पाय फाकवून उभे राहायचे आणि एका हातानं कपाटाची कड धरून बोलायचे. जणू आमचं सेंटर म्हणजे एसटीच, टोकावड्याच्या रस्त्याला लागलंय आणि पुढे खड्डा आहे, असं वाटायचं. खुर्ची पुढे केली की म्हणायचे, "नको गो पोरी, बसलो का झोप येते."

दुसरी खोड म्हणजे नाती. कुठल्या गावातली मुलगी कुठे दिली, कुणाचा जावई कुठे कामाला आहे, हे त्यांना तोंडपाठ. किन्हवलीपासून माळशेजच्या पायथ्यापर्यंत कुणाचंही नाव घ्या, मामा त्याची आत्या सांगणार. या ज्ञानाचा त्यांना अभिमान होता, आणि धाकही. "हितं सगळी एकमेकाला वळखतात," ते म्हणत, "म्हणून हितं काय सुरक्षित नाय."

त्यांच्याकडे सांभाळायचं असं एकच होतं. थोरली बहीण, आक्का, धवळारीण होती. लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत बायकांनी म्हणायची गाणी, म्हणजे धवळे, ती म्हणायची, एकही कुठे लिहिलेला नाही. पुढे हळदीला डीजे आला आणि आक्काला बोलावणं बंद झालं. शेवटच्या आजारपणात मामांनी उशाशी उभं राहून तिचे सगळे धवळे मोबाइलमध्ये भरून घेतले. ती गेली. मग मामांच्या मुलानं क्रिकेटच्या व्हिडिओसाठी जागा हवी म्हणून त्यातले चार पुसले. त्याच दिवशी दुपारी मामा माझ्याकडे आले.

"आमचा बापूस भाताचं बियाणं घरात ठेवीत नसं," ते म्हणाले. "घरात ठेवलं तं पेरणीच्या आदीच पोरं खाऊन टाकतात. पेंढ्याची मुडी बांधून व्याह्याच्या घरी पोचवायचा. तसा एखादा व्याही बग."

मी म्हटलं, मामा, त्याला वेबसाइट म्हणतात, आणि ज्याच्या कॉम्प्युटरवर ती ठेवायची तो होस्ट. मुंबईची एक कंपनी सुचवली. ते ऐकताच त्यांनी कपाट सोडून दोन्ही हात हलवले. आक्काच्या सासरच्या मंडळींना बाईमाणसाचा आवाज असा जगासमोर मांडणं पसंत नव्हतं. एका पुतण्यानं "वळखीनं काढून टाकू" असा दमही दिला होता. मामांना असा देश हवा होता जिथे कुणाची ओळख चालत नाही.

मग आमची निवड सुरू झाली. अशी निवड जगात दुसऱ्या कुणी केली नसेल. मी कंपनीचा वेग, जागा वाचून दाखवत होते, मामांचा प्रश्न एकच, "तिथं आपलं कोण हाय?" अमेरिका? किन्हवलीच्या कंपाउंडरचा पोरगा तिकडे. जर्मनी? सरपंचाचा जावई. सिंगापूर? पुतण्याच्या मेव्हण्याचं ऑफिस. हसून माझी पुरेवाट झाली. शेवटी आइसलँडवर मामा अडले. बराच वेळ विचार केला आणि कबूल केलं, "तिथं आपलं कुत्रंसुदीक नाय. तिथंच ठेव."

पाच वर्षांसाठी एकदमच जागा घेतली. मामांचा मोबाइल जोडून त्यातूनच थेट धवळे चढवायला मला तीन दिवस लागले. सगळे चढल्यावर मामांनी माझ्यासमोर मोबाइलमधले पुसले. मी अडवलं, तर म्हणाले, "बियाणं व्याह्याकडं गेलं, आता घरात कशाला?" त्यांचा ई-मेलही मीच काढून दिला होता. महिन्याकाठी तो उघडून बघू, असं म्हटलं तर चिडले. "ठेवलेल्याची चवकशी करायची नाय. चवकशी केली का व्याह्याला वाटतं, आपल्यावर भरोसा नाय." मला ते खूप आवडलं. खरं सांगायचं तर, एक काम टळलं म्हणून बरंही वाटलं.

तिसऱ्या वर्षी नातीचं लग्न ठरलं. हळदीला डीजे थांबवून आक्काचा धवळा लावायचा, असं मामांनी मुलाकडून भांडून मिळवलं. मांडवातून मला फोन आला, "पान उघडत नाय गो." मी सेंटरमध्ये उघडून पाहिलं. काही नव्हतं. मामांचा ई-मेल उघडला तर कंपनीची पत्रं ओळीनं पडलेली: आम्ही काम बंद करत आहोत, आपल्या फाइली घेऊन जा. चार महिने ते सांगत होते. शेवटच्या पत्रात सगळं पुसल्याचं कळवलं होतं, आभारही मानले होते. मी उत्तर धाडलं, तर तो पत्ताच आता नाही म्हणून परत आलं. तिकडे धावत जाऊन ज्याचे पाय धरावेत असं कुणी नव्हतं.

हळद डीजेवर झाली. दोन दिवसांनी मामा आले. मी माफी मागितली, त्यांनी ती ऐकलीसुद्धा नाही. एक धवळा स्वतः म्हणायचा प्रयत्न केला. पहिली ओळ आली, दुसरी अर्धी, आणि मग फक्त चाल उरली. पुरुष मांडवाबाहेर बसायचे, त्यांना येणार कुठून? माझ्याकडे वळून म्हणाले, "तीन दिस तू चढवीत व्हतीस. तुज्या कानावरनं गेलं असंल. म्हन ना पुडं."

सेंटरमध्ये गिऱ्हाईक असायचं, म्हणून मी आवाज बंद ठेवूनच फाइली चढवल्या होत्या. एकही धवळा मी ऐकला नव्हता. तसं सांगितलं.

मामा रागावले नाहीत. "बायांचं गाणं," एवढंच म्हणाले, "बाईनं तरी आयकलं असंल वाटलं व्हतं." आणि किन्हवलीची गाडी धरायला निघून गेले.

गेल्या वर्षी ते वारले. आक्काचे धवळे ठाऊक असलेलं एक तरी माणूस आज जिवंत असतं, तर ते मी असते. तीन दिवस तिचा आवाज माझ्या हाताखालून गेला, आणि मी कान दिला नाही.