तोवाशिवाय नऊ

मार्ला पिंस्कर रागावलेली नाही असा दिवस मी तीस वर्षांत पाहिलेला नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या आमच्या युटिका गावात दुसऱ्या कुणी पाहिला असेल तर त्याने अजून पुढे येऊन सांगितलेलं नाही. एका दातांच्या दवाखान्यात विमा कंपन्यांशी फोनवर भांडणं हे तिचं काम. त्याचा तिला पगार मिळतो. न मिळता तरी तिने ते केलं असतं. तिचे डॉक्टर म्हणतात, पेशंटची भूल उतरवायला मार्लाचा शेजारच्या खोलीतला आवाज पुरतो.

पण फेब्रुवारीनंतरचा राग वेगळा होता. तिचा नवरा नील, गालिच्यांच्या दुकानाचा मालक, वय अठ्ठावन्न, दारातला बर्फ उपसता उपसता फावड्यावर कोसळला तो उठलाच नाही. मार्ला आधी बर्फावर रागावली, मग फावड्यावर, मग उशिरा आलेल्या रुग्णवाहिकेवर. मग आम्हा ज्यूंच्यात सात दिवस घरात बसून शोक पाळायचा असतो, त्या सात दिवसांत अंड्यांचं सॅलड घेऊन येऊन "देवाची इच्छा" म्हणणाऱ्या प्रत्येकावर. शेवटी देवावर. तिथे ती थांबली, कारण त्याच्या वरचा अधिकारी तिला सापडेना.

तेव्हापासून तिने सिनेगॉगची, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराची, पायरी चढायचं सोडलं. पण तिची मुलगी तोवा रोज येत होती. आईबाप गेले की मुलांनी अकरा महिने रोज कद्दिश म्हणायची असते. त्या प्रार्थनेत मरणाचा शब्द नाही, नुसती देवाची स्तुती आहे, आणि ती एकट्याने म्हणता येत नाही. समोर दहा जण लागतात. नऊ असले तर पुस्तक मिटून घरी जायचं. आमच्याकडे त्या दहांत बायकाही धरतात. एकोणीसशे शहाऐंशी साली चार तास भांडून, दोन घराणी कायमची सोडून गेल्यावर तसं ठरलं. तर तोवा, वय सतरा, रोज सकाळी सव्वासातला आम्हा म्हाताऱ्यांत येऊन उभी राहायची, आणि मार्ला बाहेर इंजिन चालू ठेवून गाडीत कॉफी पीत बसायची. एकदा कुणीतरी काचेवर टकटक करून म्हणालं, "आत ये ना, गारठशील." ती म्हणाली, "आतल्याशी माझं बोलणं बंद आहे."

तोवा हे नाव म्हणजे चांगली. शाळेच्या प्रगतिपुस्तकात बी म्हणजेही चांगलीच. गणितात बी, इतिहासात बी, फ्रेंचमध्ये बी, पोहण्यातसुद्धा बी. मार्ला म्हणायची, "नाव ठेवतानाच आम्ही मर्यादा घालून बसलो. हिब्रूत उत्कृष्टला काय म्हणतात ते आधी विचारायला हवं होतं."

बाप गेला त्याआधीच तोवाला एका मोठ्या कॉलेजात जागा मिळाली होती. चौकशी केली तर तिथे ज्यू निघाले तीन, त्यातला एक प्राध्यापक, तोही रजेवर. तोवा आईला एवढंच म्हणाली, "मला दहा जण असलेली जागा पाहिजे." नंतर म्हणाली, "नाहीतर राहू दे." दुसरं वाक्य मार्लाला सहन झालं नाही. ती दुसऱ्या दिवशी शाळेत मिस्टर हॅलोरनच्या पुढ्यात जाऊन बसली. हॅलोरन मुलांना कॉलेजं सुचवणारा गृहस्थ. भला माणूस, म्हणजे निरुपयोगी.

"बी म्हणजे काळजीचं कारण नाही, मिसेस पिंस्कर. बीवाल्यांसाठी पुष्कळ कॉलेजं आहेत."

"ज्यू असलेली?"

त्याने जाडजूड पुस्तक काढलं. ज्यू खच्चून भरलेली कॉलेजं भराभर सापडली. सगळी एवाल्यांची. बीवाल्यांची कॉलेजंही सापडली. त्यात घोडेस्वारीचा संघ होता, डुकराच्या मांसाचा वार्षिक उत्सव होता.

"म्हणजे दहा ज्यू एकत्र बघायचे तर आधी रसायनशास्त्रात ए पाहिजे," मार्ला म्हणाली.

"हे बघा, इथे लिहिलंय. ज्यू समाज: चैतन्यपूर्ण."

"चैतन्यपूर्ण म्हणजे किती?"

"तसा आकडा दिलेला नाही…"

"सकाळी साडेसातला उठतात का?"

हॅलोरनने पुस्तकाची सूची पाहिली. त्यात ती माहिती नव्हती.

मग मार्लाने जेवणाच्या सुट्टीत दवाखान्यातल्या फोनवरून कॉलेजांमागून कॉलेजं पालथी घातली. ती विमा कंपन्यांना पुरून उरलेली बाई. होल्डवर ठेवलं की ती सँडविच खायची, सँडविच संपलं की लोकर काढून विणायला घ्यायची.

"आमच्याकडे शुक्रवारी रात्री दोनशे मुलं जेवायला असतात!" एका कॉलेजातल्या रॅबायने, म्हणजे धर्मगुरूने, उत्साहाने सांगितलं.

"आणि मंगळवारी सकाळी?"

"मंगळवारी… आमच्याकडे बुधवारी बेगल असतात."

"मी नाश्त्याचं विचारत नाहीये. ते दोनशे जण मंगळवारी कुठे असतात?"

"झोपलेले असतात, मॅडम."

एका ठिकाणी रोज सकाळी मिन्यान, म्हणजे दहांची जमवाजमव, नक्की होते असं कळलं. कॉलेज बीवाल्यांना घेत होतं. मार्लाचा आवाज पहिल्यांदा खाली आला. मग पलीकडचा मुलगा नम्रपणे म्हणाला की मुलगी आली तर आनंदच आहे, बायकांसाठी पडद्यामागे जागा आहे, फक्त दहांत धरता येणार नाही.

"म्हणजे नऊ मुलगे आणि माझी मुलगी असली तर तुम्ही दहाव्याची वाट बघणार."

"हो."

"ती समोर उभी असताना."

"पडद्यामागे," त्याने दुरुस्ती केली. त्या दिवशी मार्लाने फोन इतक्या जोरात ठेवला की आतल्या पेशंटने चूळ गिळली.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बफेलोच्या पलीकडचं एक छोटं कॉलेज सापडलं. साडेतीन तासांवर. बी चालत होता, उशिराचे अर्जही घेत होते. फोनवर एक मुलगी होती.

"आमच्याकडे फक्त सोमवारी आणि गुरुवारी. बाकीच्या दिवशी कोणी उठत नाही, खोटं कशाला बोलू."

"बायकांना मोजता का?"

"अहो, मोजते मीच."

तोवा गुरुवारी तिथे जाऊन आली. तेरा जण होते. तिने कद्दिश म्हटली, कुणीतरी तिला अर्धा बेगल दिला, आणि अर्धा बेगल देणाऱ्यालाही सगळीकडे बीच होता. परत येताना ती गाडीत गाणं गुणगुणली म्हणे. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. आठवड्यातल्या उरलेल्या पाच दिवसांचं काय, एवढाच प्रश्न होता. जागा मिळाली होती, एक मेपर्यंत होकार कळवायचा होता.

त्याच गुरुवारी इकडे आमचं काय झालं ते सांगायला हवं, आणि सांगताना मला काही फार बरं वाटत नाहीये.

आमच्याकडे माणसं आकड्याने मोजत नाहीत. नजर लागते. बायबलातल्या डेव्हिड राजाने मोजली तर रोगराई आली, हे आमच्यातल्या नास्तिकांनाही मान्य आहे. म्हणून स्तोत्रातली दहा शब्दांची एक ओळ आहे ती म्हणायची, एकेका माणसाकडे बघत एकेक शब्द. ओळ पुरी झाली की दहा भरले. हे काम बावीस वर्षं नील करायचा. तो गेल्यावर ते मरे फायनगोल्डकडे आलं. मरे चौऱ्याऐंशी वर्षांचा, निवृत्त औषधविक्रेता, काटेकोर माणूस. त्या गुरुवारी त्याने ओळ म्हटली आणि ती नवव्या शब्दावर संपली. आम्ही आठ वाजेपर्यंत थांबलो. हर्शेल वाइलच्या आईचा स्मृतिदिन होता, त्या दिवशीही दरवर्षी कद्दिश म्हणतात. एकसष्ट वर्षांत त्याची त्या दिवसाची कद्दिश चुकली नव्हती. ती चुकली. त्याने प्रार्थनेची शाल काढली, पिशवीत घातली आणि कुणाशी न बोलता गेला.

शुक्रवारी सकाळी प्रार्थना उरकल्यावर सगळ्यांनी तोवाला घेरलं.

"पोरी, तू नसलीस की आम्ही नऊ," मरे म्हणाला. "नऊ रॅबाय असले तरी चालत नाही. दहा गवंडी असले तर चालतं."

"इथलं दोन वर्षांचं कॉलेज काय वाईट आहे?" हर्शेल म्हणाला. "माझा भाचा तिथेच शिकला."

"आता काय करतो?" तोवाने विचारलं.

"आता वारला. पण त्यात कॉलेजाचा दोष नव्हता."

"घरी राहा, आईला सोबत होईल," मरे म्हणाला. "आणि बीच मिळवायचा तर तो इथेही मिळतो."

हर्शेल हळूच म्हणाला, "तुझ्या बापाने आम्हाला एक दिवस नऊवर ठेवलं नाही."

 मी तोवाच्या शेजारीच होतो. माझी शाल मी घडी घालत होतो. घडी फार व्यवस्थित घातली.

ती बाहेर गाडीत जाऊन बसली आणि आईला म्हणाली, "मी इथेच राहते." खिडकीतून आम्हाला ऐकू काही आलं नाही; गाडीचं इंजिन बंद झालेलं मात्र ऐकू आलं. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी ते बंद झाल्याचं दहा आठवड्यांत कुणी ऐकलं नव्हतं.

मार्ला आत आली ती ओल्या बुटांनिशी, नीलने घातलेल्या गालिच्यावरून, कोट न काढता. मागून तोवा, "आई, नको ना" म्हणत.

"कोण म्हणालं हिला घरी राहा?"

कुणीच म्हणालं नव्हतं, असे चेहरे आम्ही केले.

"मी पन्नास कॉलेजांना फोन केले. एका मुलाशी पडद्यावरून भांडले. आणि तुम्हाला माझी पोरगी कशाला पाहिजे? तुमची बेरीज जुळवायला?"

"मार्ला, रागावू नकोस," मरे म्हणाला. "आपल्याला काही हौस आहे का? मोजलं तर नऊच भरतात."

"मोजा माझ्यासमोर."

मरेने घसा साफ केला, उभा राहिला आणि ओळ म्हणत एकेकाकडे बघत गेला. हर्शेलपासून सुरू झाली, माझ्यावर आठवा शब्द पडला, खिडकीजवळच्यावर नववा, तोवावर दहावा. "बघ. ही नसती तर?"

मार्लाने हातमोजा काढला आणि बोट उचललं. "एक."

"आकड्याने नको!" हर्शेल ओरडला आणि थू थू थू केलं.

"नजर लागायची ती लागून गेली, हर्शेल. दोन. तीन."

तिचं बोट खोलीभर फिरलं. मी आठ होतो. खिडकीजवळचा नऊ. मग ते बोट मरेच्या छातीवर येऊन टेकलं.

"दहा," मार्ला म्हणाली. "तोवा अकरा. तुम्ही कोण आहात मरे? फर्निचर?"

 मरे स्वतःच्या छातीकडे बघत राहिला, जणू तिथे कुणीतरी उभं आहे हे त्याला आताच कळलं. नील मोजायचा तेव्हा पहिला शब्द म्हणताना स्वतःच्या छातीवर हात ठेवायचा. ते आम्ही बावीस वर्षं पाहिलं होतं आणि एकालाही आठवलं नव्हतं. नील गेला म्हणजे एक कमी होणार, हे सगळ्यांना इतकं पटलेलं होतं की रोज तोवावरच दहा भरताना कुणाला शंका आली नाही.

"म्हणजे काल आम्ही दहा होतो?" हर्शेल म्हणाला. "मरे! एकसष्ट वर्षं! काल आम्ही दहा होतो?"

"मला वाटलं," मरे म्हणाला, "कमी आहे तो नील आहे."

मार्लाने त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ती रडेल. मी तिला तीस वर्षं ओळखतो तरी असं वाटलं.

"तो कमी आहेच," ती म्हणाली. "तो माझ्या घरात कमी आहे. तुमच्या बेरजेत त्याला घुसडू नका. आणि माझ्या पोरीकडून भरून घेऊ नका." मग दारातून वळून म्हणाली, "औषधाच्या गोळ्या पण अशाच मोजायचात का हो? गावातली निम्मी माणसं त्यानेच गेली असतील."

त्याच दुपारी बफेलोपलीकडच्या कॉलेजला होकार गेला. तोवाने बटण दाबलं, मार्ला मागे उभी होती. हात बांधून, पहारेकऱ्यासारखी.

सोमवारी सकाळी मार्ला पहिल्या बाकावर बसलेली दिसली. मरे आनंदाने पुढे झाला.

"मी प्रार्थनेला आलेली नाही," ती म्हणाली. "मोजायला आलेय."

तेव्हापासून ती रोज येते आणि उघड आकड्याने मोजते. पहिल्या आठवड्यात हर्शेल प्रत्येक आकड्याला थू थू करायचा. मग त्याचं तोंड कोरडं पडू लागलं. पुस्तक ती उघडत नसे. तोवा कद्दिश म्हणायची तेव्हा ती समोरच्या भिंतीकडे अशी बघायची की भिंतीने काहीतरी खुलासा द्यायला हवा होता.

ऑगस्टच्या शेवटी तोवा गेली. सोमवार आणि गुरुवार तिचे, तिकडे; उरलेले पाच दिवस आमच्याकडे. पहिला बुधवार आला. प्रार्थना होत होत कद्दिशच्या जागेपाशी आली आणि तिथे कुणाचाच आवाज नव्हता. मरेने हर्शेलकडे पाहिलं. नीलसाठी आपण म्हणू, असं हर्शेलने आधीच सांगून ठेवलं होतं. तो खाकरून उभा राहिला.

"बसा खाली," मार्ला म्हणाली. "तो तुमचा नवरा होता का?"

हर्शेल बसला.

"काय बघताय सगळे? पुस्तक द्या."

मी माझं दिलं. ती उभी राहिली. त्याचं नाव थोर असो, पवित्र असो, असं त्या ओळी म्हणतात. मार्लाने त्या विमा कंपनीला तक्रार वाचून दाखवावी तशा वाचल्या, प्रत्येक शब्द वेगळा, पलीकडच्याने लिहून घ्यावा अशा बेताने. आम्ही आमेन म्हणालो. हर्शेल जरा पुटपुटला. तिने पुस्तकातून मान वर केली, तो पुन्हा मोठ्याने म्हणेपर्यंत थांबली, आणि मग पुढची ओळ वाचायला घेतली.