हिर्डोशीची बस आणि सायलीचं मॉडेल

"हा प्रोजेक्ट नाही, ही तक्रार आहे," असं म्हणून आमच्या एचओडींनी सायलीची फाईल माझ्याकडं सरकवली. "मॅडम, हिला ड्रोनवर काहीतरी करायला सांगा."

सायली माझी शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, हिर्डोशीची. भोरजवळच्या आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात मी मॅथेमॅटिकल मॉडेलिंग शिकवते. म्हणजे खरी अडचण समीकरणांत मांडायची आणि एक गोष्ट बदलली तर बाकीचं कसं हलेल ते आधी पाहायचं.

सायलीनं कॉलेजची बसच मांडली होती. बस एकच. ती आधी हायवेकडची मुलं आणायची आणि मग घाटाकडं, हिर्डोशीला जायची. घाटाकडच्या मुलांचा पहिला तास रोज बुडायचा. हजेरी घसरली, तसं त्यांनी बसचा पास काढणं सोडलं. कुणी भोरला खोली घेतली, कुणी दुधाच्या टेम्पोनं यायला लागलं. पास कमी म्हणून त्या बाजूला आणखी दुर्लक्ष. परिणामच पुन्हा कारण होतो, याला आम्ही फीडबॅक लूप म्हणतो. वर्गात फळ्यावर काढला की सगळे माना डोलावतात. आता पास कमी आहेत एवढ्यावरच बोट ठेवून कॉलेज हिर्डोशीची फेरी बंद करणार होतं.

"घरचे म्हणत्यात, गाडी बंद तर कॉलेज बंद," सायली म्हणाली. "पोरीला खोलीवर ठेवणार न्हाईत."

माझं डोकं फिरलं. तिला घेऊन मी थेट प्राचार्यांकडं गेले.

"पासच नाहीत त्या बाजूला," ते म्हणाले. "रिकामी गाडी कशी पळवू?"

"सर, पास न्हाईत म्हणून गाडी उशिरा येती, का गाडी उशिरा येती म्हणून पास न्हाईत?" सायलीनं विचारलं.

एचओडी उसळले. "प्राचार्यांशी असं बोलतात?"

"तिनं प्रश्न विचारलाय," मी म्हणाले. "उत्तर द्या."

सायलीनं फाईल उघडून प्राचार्यांसमोर ठेवली.

सायलीच्या गणिताप्रमाणं नवी गाडी लागत नव्हती. फक्त क्रम उलटा करायचा, आधी हिर्डोशी. हायवेच्या मुलांना सहा आसनी रिक्षा मिळते, घाटात काही मिळत नाही. "एक महिना करून बघा," मी अडून बसले. कॉलेजच्या तपासणीला येणाऱ्या समितीला दाखवायला 'स्थानिक प्रश्नांवरचं काम' हवंच होतं, म्हणून प्राचार्य तयार झाले. नाहीतर झाले नसते.

महिना संपायच्या आत घाटाकडच्या मुलांनी पुन्हा पास काढले. फेरी टिकली. सायलीचा पहिला तास बुडायचा थांबला.

निकाल लागला तेव्हा प्रोजेक्टला तिला काठावरचे मार्क होते. मी जाब विचारला.

"यात इंजिनीअरिंग कुठंय?" एचओडी म्हणाले.

ते मार्क मला बदलता आले नाहीत. तो राग अजून गेलेला नाही. सायली नोकरीला लागली, बस अजून आधी हिर्डोशीला जाते. मुलांना सिस्टिम थिंकिंग, म्हणजे सुटा भाग न बघता सगळी व्यवस्था एकत्र बघणं, शिकवायचं असेल, तर त्या सिस्टिममध्ये कॉलेजही धरायला हवं. ते जमणार नसेल तर खुशाल ड्रोन उडवावेत.