बिनहातांची देवी

मला कुठलाही देव सांगा, करून दाखवतो. अंगात येणं वेगळं, ते आमच्याकडे मोठ्या बायकांचं खातं. मी नुसत्या नकला करतो. मानपाड्याच्या बाजूच्या कुठल्याही गावात हळद असू दे, डीजे दम खायला थांबला की माईक माझ्या हातात. पाय जुळवून दोन्ही हात कमरेवर ठेवले की पोरं ओरडणार, विठोबा! एक पाय आडवा टाकून ओठांपुढे बोटं नाचवली, कृष्ण! जीभ बाहेर काढली की आई ओरडणार, बास झालं.

म्हणून गावदेवीचं नवं देऊळ बांधून झालं तेव्हा काकाने मला बोलावलं. काका म्हणजे बापाचा धाकटा भाऊ, देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष, चालतो तेव्हा आधी गळ्यातली चेन पोचते.

"नवरात्रात स्टेज लावतोय. नवदुर्गा करून दाखव. टॉवरवाले पन येनार, जरा क्लास ठेव."

देऊळ बघायला गेलो. भिंतीत नऊ कोनाडे, नऊ दुर्गा, पांढऱ्याशुभ्र संगमरवरात. चेहरा सगळ्यांचा सेम, एकाच पार्लरमधून आल्यासारख्या. ओळखायचं हातांवरून आणि वाहनावरून. त्रिशूळ, कमळ आणि बैल म्हणजे शैलपुत्री. जपमाळ-कमंडलू घेऊन चालत निघालेली ब्रह्मचारिणी. मांडीवर पोर ती स्कंदमाता. गाढवावर बसलेली कालरात्री मला लगेच आवडली, आमच्या शाळेत गणिताला ज्या बाई होत्या, डिट्टो तोच लूक. मधे मोठी अष्टभुजा, कापडात गुंडाळलेली, दसऱ्याला बसणार.

आणि आमची खरी देवी? ती म्हणजे गुडघ्याएवढा दगड. शेंदूर आणि चांदीचे दोन डोळे. हात नाही, पाय नाही, वाहन नाही. तिला दसऱ्याला उचलून देवळामागे उंबराखाली घुमटीत ठेवायचं, असं ठरलेलं.

"का रे काका?"

"लोकं इचारतात, मूर्ती कुठंय. काय सांगू? दगड हाय?"

दुसरं कारण टॉवरमधल्या रिटायर सरांनी दिलं. माणूस गोड, कमिटीतही आहेत. "हे बघ बाळा, ही सगळी सात्त्विक रूपं. त्यांच्यासमोर सुका बोंबील ठेवणं बरं दिसत नाही."

बोंबील आमच्या आत्याचा. आत्या काकाची मोठी बहीण, नवरा गेल्यापासून माहेरीच. देवीला तेलातला शेंदूर लावते तीच. नव्या तांदळाची पहिली भाकरी आणि बोंबलाची चटणी देवीपुढे ठेवल्याशिवाय ती जेवत नाही. शेतं गेली, टॉवर आले, तांदूळ दुकानातून येतो. भाकरी चालूच.

तिने तक्रार केली नाही. फक्त मला म्हणाली, "जिनं आपल्याला संबाललं तिला पाठीमागं टाकून मना झोप नाय येनार रं."

मी मनात म्हटलं, ठीक आहे काका. क्लास पाहिजे ना, देतो.

स्टेजवर नऊच्या नऊ केल्या. दहा हातांच्या चंद्रघंटेला मागे चार मित्र उभे केलेले, त्यातल्या एकाने घड्याळ काढलं नव्हतं. कालरात्रीला टाळ्या, शिट्ट्या. सिद्धिदात्री संपली, काका हार घेऊन उठला. मी माईकवर म्हटलं, "थांबा. अजून एक रूप राहिलंय."

खाली बसलो. गुडघे छातीशी घेतले, हात आत ओढले आणि आत्याची शेंदरी शाल डोक्यावरून नाकापर्यंत गुंडाळली. उरले फक्त डोळे. ते काकावर लावले.

आधी पोरं हसली. मग हसायची थांबली. गावातल्या बायकांनी पदर डोक्यावर घेतला.

"झालं? ऊठ आता," काका दातातून बोलला.

दगड कधी उत्तर देतो?

"अरे ऊठ ना, सर बघतायत!"

डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेवढ्यात मागून आत्याचा आवाज, "डोलं मिटू नको रं! ती कवाच मिटीत नाय!"

मग ती स्वतःच स्टेजवर आली. माझ्यासमोर उभी राहिली आणि भावाकडे वळली. "इचारलंस का तिला? आपल्या बापानं हीर खनली ती पन कौल लावून. तू सरांना इचारलंस, मार्बलवाल्याला इचारलंस. तिला इचारलंस?"

खालून गाव ओरडला, "कौल लावा!" काका अध्यक्ष असला तरी गावातलाच. तो काय नाही म्हणणार!

सकाळी सगळे देवळात. कौल म्हणजे दगडाला दोन बाजूंनी फुलं लावायची आणि हात जोडून उभं राहायचं. उजवीकडचं आधी पडलं तर देवी हो म्हणाली, डावीकडचं पडलं तर नाही. काकाने विचारलं, आई, मागे येतेस का? फुलं लावली आणि आम्ही थांबलो. सरांनी दोनदा चष्मा पुसला. ऊन गाभाऱ्यात आलं. एक पण फूल पडलं नाही.

पडणार कसं? आत्या पहाटेच येऊन गेलेली. तेलात कालवलेला ताजा शेंदूर, बोटभर जाड, फेव्हिकॉलच्या वर. काकाने आत्याच्या नारिंगी बोटांकडे बघितलं. आत्याने छताकडे बघितलं.

"हो बोलली नाय," पुजारी म्हणाला. "परवानगी नाय."

देवी जागची हलली नाही. अष्टभुजा तिच्या मागे उंच ओट्यावर बसली, आठ हात घेऊन. सर आता दोघींना नमस्कार करतात, बोंबलाच्या दिवशी जरा लांबून.

काकाच्या पोरीची हळद झाली तेव्हा त्याने माईक दुसऱ्याला दिला. नकला पण त्यालाच करायला लावल्या. मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो, गुडघे छातीशी घेतले, हात आत ओढले आणि काकाकडे बघत राहिलो. डोळे न मिटता.