शिस्टरच्या भिंतीवरचा चौक

इंजेक्शन द्यायच्या आधी सुई लपवायची, पोराला छतावरची पाल दाखवायची आणि तेवढ्यात टोचून मोकळं व्हायचं, ही सगळ्या दवाखान्यांची रीत. आमच्या बोरी गावच्या शिस्टरची रीत उलटी होती. त्या सुई पोराच्या डोळ्यांपुढे धरायच्या आणि म्हणायच्या, "बघ. नीट बघ. बघून झालं की मग भी. न बघता भ्यायचं न्हाई." मी सहा वर्षांची असताना तापानं फणफणून अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, मांडीवर पडले होते, तेव्हा मीही ती सुई बघितली. बघून जे भोकाड पसरलं ते पेठ गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं म्हणतात. "आता बरोबर भ्यालीस," असं म्हणून त्यांनी टोचलं.

तेव्हापासून शिस्टर दिसल्या की मी अप्पांच्या किराणा दुकानात तेलाच्या डब्यांमागं दडून बसायची. पंचाईत अशी, की त्या राहायलाच आमच्या समोर होत्या. देवकी त्यांचं नाव, पण ते कुणाच्या तोंडी नव्हतं. जव्हारकडच्या वारली. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी नवरा गेला, मग नर्सिंग शिकल्या आणि नोकरीनं त्यांना कुठल्या कुठं मराठवाड्यात आणून टाकलं. सुरुवातीला त्यांची बोली आम्हाला कळायची नाही आणि आमची त्यांना. निवृत्त होईपर्यंत मात्र त्या आमच्यापेक्षा झोकात "काय करायलीस गं?" म्हणू लागल्या होत्या. निवृत्तीनंतरही गेल्या नाहीत. "तिकडं मला वळखणारं कोन हाय? हितं निदान अर्धं गाव मला भितंय," म्हणायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या.

सकाळी दार उघडलं की झाडू हातात घ्यायच्या आधी त्या दोन मिनिटं गल्ली न्याहाळत उभ्या राहायच्या. आई विचारायची, "काय बघायलाव, शिस्टरबाई?"

"काल व्हतं ते आज हाय का, ते."

तीन वर्षांपूर्वी मोठा रस्ता आमच्या गल्लीतून जाणार असं ठरलं आणि त्यांच्या ह्या सवयीचं हसू येईना. माणसं आली, फीत धरली, आणि घराघरावर लाल रंगाचा बाण नि फुटांचा आकडा काढून गेली. आमच्यावर नऊ. नऊ फूट म्हणजे दुकानाचा सगळा दर्शनी भाग. अप्पांनी तो आकडा एकदा पाहिला आणि त्यानंतर पुढच्या दारानं घरात येणंच सोडलं. जेवताना घास तोंडात नुसता घोळवत बसायचे. त्यांच्या काळजीनं मी सेलूहून माहेरी आले, तर सगळी गल्लीच हळू आवाजात बोलत होती. चौकातला कडुनिंब आधीच तोडला होता. कुठं साधा ट्रॅक्टर घरघरला तरी बायका दारात येऊन विचारायच्या, "आलं का?" घरं पाडायला येणारं मशीन, पण हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं. मलाही तो तोंडातून काढवेना.

शिस्टरच्या घरावर आकडा नव्हता, फुली होती. घर भाड्याचं, मालक परभणीला, आणि भिंत सगळीच जाणार. एका सकाळी त्यांनी शेणमाती कालवून ती भिंत सारवली आणि वरून गेरू फासला. फुली दिसेनाशी झाली. समोरचे हॉटेलवाले बालाजीमामा कपाळाला हात लावून म्हणाले, "सरकारी खूण मिटवली बाईनं! आता सगळ्याईला घेऊन बुडणार." दुसऱ्या दिवशी शिस्टरनी पाट्यावर तांदूळ वाटले, बांबूची काडी चावून तिचं टोक मऊ केलं आणि चित्रं काढायला बसल्या.

ह्या चित्रांची आपल्याला ओळख आहे, असं मला वाटत होतं. सेलूला माझ्या घरच्या पडद्यांवर दोन त्रिकोणांची माणसं फेर धरून नाचतात. वारली म्हणून कौतुकानं घेतलेले पडदे. पण ह्या भिंतीवर उमटत होतं ते पडद्यावरचं नव्हतं. मधोमध नक्षीच्या काठांचा मोठा चौकोन, त्याला त्या चौक म्हणायच्या. शेजारी घोडा, घोड्यावर स्वार, आणि स्वाराला डोकंच नाही. मानेतून पाच फाटे वर आलेले. माझ्या अंगावर काटा आला. आईनं गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं, आत जाऊन विभूती आणली आणि माझ्या कपाळाला ओढली. "तिकडं बघू नगंस," म्हणाली.

नेमकी त्याच दुपारी अप्पांच्या छातीत कळ आली. जिंतूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक आहे, धास्ती घेतली आहे. पण आम्ही परत येईपर्यंत गल्लीनं आपलं निदान केलं होतं. बिनमुंडक्याचं काढलं आणि समोरच्याला कळ आली, म्हणजे करणी. शिस्टरच्या दारात पंधरा-वीस माणसं जमली होती. बालाजीमामांच्या हातात भिंत धुवायला पाण्याची बादली होती, मागं दोघांच्या हातात काठ्या होत्या. खोटं कशाला सांगू, त्या घोळक्यात मीही उभी होते.

"पुसा हे, आन् गाव सोडा," कुणीतरी ओरडलं.

शिस्टर बाहेर आल्या. बोटं तांदळानं पांढरी झालेली. काठ्यांकडे त्यांनी नीट पाहून घेतलं. "बालाजी, तुला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं तवा सुई बघितली व्हतीस का?"

"बघितली व्हती की."

"मंग हे बी बघ. जवळ ये. त्याच्या मानेतनं काय निघालंय?"

मामा बादलीसकट पुढं झाले. बराच वेळ वाकून बघत राहिले. हॉटेल नंतरचं, माणूस मूळचा शेतकरी. "कणसं," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. "कणसंच हायेत की."

"पाच कणसं. पंचशिऱ्या म्हणत्यात. आमचा देव हाय त्यो, लग्नात काढत्यात."

मग बाकीचे पुढं सरकले. चौकाच्या भोवती आमचीच गल्ली होती. तागडी धरलेले अप्पा, किटली घेतलेले मामा, जिंतूरची बस, तोडलेला कडुनिंब, आणि पोरांच्या रांगेपुढं सुई घेऊन उभी एक बाई. रांगेतलं एक पोर पळत सुटलेलं होतं. ती मी, हे कुणी सांगायला नको होतं. मामांनी बादली खाली ठेवली. एकेक जण पांगला, माफी मात्र कुणी मागितली नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच गेले. तेव्हा लक्षात आलं, चौकाच्या आत काहीच नव्हतं.

"हितं पालघट देवी असती," शिस्टर म्हणाल्या. "तिच्याबिगर आमच्यात लगीन लागत न्हाई."

"कुणाचं लगीन हाय?"

"कुणाचं न्हाई. एवढी वर्षं राहिले, ह्या भिंतीला कधी चौक पडला न्हाई. जायच्या आधी एकदा पडावा वाटलं."

"मग काढा की देवी."

त्यांनी काडी उचलली. चौकापर्यंत नेली आणि मागं घेतली. "सवाशिणी काढत्यात हे. नवरा गेलेलीचा हात चालत न्हाई. कडंचं काढलं ते बी चुकलंच. मधलं काढायला लय भ्या वाटतंय गं." आणि काडी माझ्यापुढं धरली. "तू काढ. मी सांगते तसं. चार रेघांचं काम हाय."

मी त्या काडीकडे बघतच राहिले. कोण ही देवी, ना आपली ना ओळखीची. आई काय म्हणेल? आणि आमचे हे रोज मोटारसायकलवरून जिंतूरपर्यंत जातात, त्यांना काही झालं तर? कालच मामांनी कणसं ओळखली होती, सगळं समोर होतं, तरी हात काही पुढं होईना.

"उद्या काढू, शिस्टर. सकाळी न्हाऊन येते."

सुईपुढच्या पोराकडे बघायच्या तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं. उद्या," म्हणाल्या आणि काडी वाटीत ठेवली.

सकाळी माझं पाणी तापत होतं तेव्हाच घरघर ऐकू आली. ह्या वेळी तो ट्रॅक्टर नव्हता. गल्लीतली दारं एकामागून एक लागली. अप्पा कानांवर हात ठेवून देवघरात बसले. मी बाहेर धावले, तर शिस्टर रस्त्यात लोखंडी खुर्ची टाकून भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि डोळे घट्ट मिटले.

"डोळे उघड," त्या म्हणाल्या.

मी उघडले. मशीनचा पंजा आधी कडुनिंबावर पडला, मग पोरांच्या रांगेवर, मग चौकाच्या त्या मोकळ्या जागेत घुसला. भिंत आतल्या बाजूला कोसळली आणि गल्लीभर तांबडी धूळ झाली. "माझ्यामुळं देवी काढायची राहिली, शिस्टर," म्हणत मी रडायला लागले.

त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं. "बरं झालं. आत कुनी नव्हतं."

त्या खरंच तसं मानत होत्या की माझ्यासाठी बोलल्या, हे मला आजवर कळलेलं नाही. त्याच आठवड्यात भाच्याबरोबर त्या जव्हारला गेल्या. अप्पा आता उरलेल्या दुकानात बसतात, पुढच्या दारानं येतात. रस्ता इतका रुंद झालाय, की समोरच्या बाजूला जायचं तर जीव मुठीत धरावा लागतो.

गेल्या वर्षी भाच्याचा फोन आला, आत्या गेली म्हणून. शेवटी त्रास झाला का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "नर्स इंजेक्शन द्यायला आली, तर आत्या म्हणाली, आधी दाखव. बराच वेळ बघत होती."

"मग?"

"मग म्हणाली, लय भ्या वाटतंय. आणि हात पुढं केला."